तळातली पाचवी चव

डोंगराच्या अलीकडे एक जंगल होते. त्या जंगलात एक कोल्हा राहत असे आणि त्याच्या जिभेला तिथे फार मान होता. त्याचे कारण असे. पावसाळ्याचे चार महिने त्या जंगलात शिकार मिळत नसे. ओढे फुगत, वाटा बंद होत, सावजे वरच्या पठारावर निघून जात. म्हणून मांस खाणाऱ्या सगळ्या प्राण्यांना उन्हाळ्यातच बेगमी करून ठेवावी लागे. डोंगरापलीकडे एक तरस राही. वाघाने मारून सोडलेल्या गव्याच्या मांसाचे लांब पट्टे कापून, त्यांना मीठ-मसाला चोळून तो ते कातळावर वाळवत असे. या वाळलेल्या पट्ट्यांना चान्या म्हणत. मागणी पाठवली की घारी त्यांचे गठ्ठे डोंगर ओलांडून घरपोच आणून देत.

मागणी मात्र एकदाच जाई, आणि तीही एकाच चवीची. दहा बिळांत दहा चवी पोचवत बसायला घारींना सवड नसे. म्हणून तरस आधी प्रत्येक चवीची एकेक चानी नमुन्याला पाठवी. कोल्हा सर्वांसमक्ष एका सपाट दगडावर बसून नमुने चाखी आणि तो सांगेल ती चव सगळे जंगल चार महिने खाई. नमुने मोजके, तेव्हा दुसऱ्या कुणी त्यांना तोंड लावायचे नाही, अशी रीत होती. चाखून उरेल ते कोल्ह्याचे. पण खरे सांगायचे तर त्याला नमुन्यांपेक्षा तो दगडच जास्त आवडे. एरवी कोल्ह्याकडे मान वर करून कोण बघतो?

एका वर्षी नमुने यायच्या दोन दिवस आधी कोल्ह्याने नको तिथे तोंड घातले. करवंदाच्या जाळीत मधाचे पोळे दिसले, तिथे. मधमाश्यांनी त्याला बाकी कुठे नाही, नेमके जिभेवर गाठले. जीभ सुजली, सूज उतरली, पण चव गेली ती गेलीच. त्याने करवंद चावून पाहिले, चिखल चाटून पाहिला, दोन्ही सारखेच लागले. "उद्यापर्यंत येईल," तो स्वतःशी म्हणाला. उद्याही आला, परवाही आला, घार नमुन्यांची पुडी घेऊन दगडावर उतरली, तरी चव काही आली नव्हती.

दगडाभोवती सगळे जमले. लांडगे आले, रानमांजरे आली, मुंगूसही आला. अगदी पुढे म्हातारी लांडगीण बसली होती. कोल्हा लहानपणी पोरका झाला तेव्हा तिने त्याला आपल्या पिल्लांच्या पंगतीला घेतले होते, म्हणून तो तिला मावशी म्हणे. आता तिचे सगळे दात पडले होते.

"चव कुठलीही चालेल मला," ती म्हणाली. "माझ्या हिरड्यांना झेपेल एवढं मात्र बघ."

कोल्ह्याला तेव्हाच सांगून टाकता आले असते. दोन शब्दांचे काम होते. तो दगडावर चढला.

त्याचे नाक शाबूत होते, त्यामुळे कुठली चानी कशाची आहे एवढे त्याला वासावरून कळले. पहिली नुसत्या मिठाची. तोंडात चिंधी चघळल्यासारखे झाले. "सरळ स्वभावाची आहे," तो म्हणाला, "पण पहिल्या भेटीतच सगळं बोलून टाकते." सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसरी मिरीची. "ही आधी गप्प बसते आणि घशाशी गेल्यावर भांडण काढते." तिसऱ्या, चिंचेच्या चानीला त्याने उतावळी ठरवले. चौथी धुरावर धरलेली होती. तिच्याबद्दल तो बराच वेळ बोलला आणि ते कुणालाच समजले नाही.

"बोलतो कसा बघा," मुंगूस शेजाऱ्याला म्हणाला.

मग कोल्ह्याला पुडीच्या तळाशी आणखी एक तपकिरी पट्टी दिसली. मुलांनो, ती चानी नव्हतीच. प्रवासात ओल लागू नये म्हणून तरसाने त्या वर्षी प्रथमच पुडीत खाली बाभळीच्या सालीची एक पट्टी घातली होती. चान्यांखाली राहून तिला चारही चान्यांचा वास लागला होता. कोल्ह्याने ती हुंगली. चार वास एकदम आले. त्याने ती चावली, आणि दातांना प्रथमच काहीतरी जाणवले. जाणवला तो कडकपणा होता, पण तीन दिवसांत तोंडाला दुसरे काहीच जाणवले नव्हते. त्याला वाटले, हीच ती चव. शहाणा व्यापारी आपला उत्तम माल तळाशी ठेवणारच.

"ही," तो म्हणाला. "ही घ्या."

घार पंख झाडत म्हणाली, "कोल्होबा, तरसानं मला चारच चवी सांगितल्या होत्या."

"घारताई, तुम्ही वाहायचं काम करता, मी चाखायचं. मी तुम्हाला उडायला शिकवतो का?"

सगळे हसले. घारही हसली.

"मऊ आहे का रे?" लांडगिणीने विचारले.

कोल्ह्याचा जबडा तर दुखत होता. "चघळावी लागेल, मावशी," तो म्हणाला, "पण चघळाल तशी मुरेल."

"तू म्हणतोस तर मुरेल," ती म्हणाली आणि निश्चिंत होऊन घरी गेली.

डोंगरापलीकडे तरसाने निरोप दोनदा ऐकला. तळातली हवी, तीच हवी, आणि सगळ्यांना हवी. त्याला नवल वाटले, पण गिऱ्हाईक मागेल ते द्यावे असा त्याचा बाणा होता. आठ दिवस तो बाभळी सोलत बसला. आभाळ भरून यायच्या आदल्या दिवशी घारींनी गठ्ठे पोचवले आणि त्या आपापल्या घरट्यांत गेल्या. मग डोंगर ढगांत बुडाला आणि खिंड बंद झाली.

चार दिवस कोल्ह्याचे उरलेल्या नमुन्यांवर भागले. पाचव्या दिवशी त्याने बिळातला गठ्ठा सोडला आणि एक पट्टी तोंडात घातली. तोंड एकदम आवळून आले. तुरट लागले. बऱ्याच दिवसांनी जिभेला आलेली ती पहिली चव होती. जीभ अजून बरी झाली नसावी असे त्याला वाटले, वाटावे अशी त्याची फार इच्छा होती. म्हणून तो पावसात बाहेर पडला आणि सगळे प्राणी चाटतात तो खारा दगड त्याने चाटून पाहिला. दगड खारट लागला. जीभ उत्तम होती.

परत येताना वाटेतल्या प्रत्येक बिळातून चावल्याचा आवाज येत होता. सगळे जंगल साल चावत होते आणि कुणी काही बोलत नव्हते. एवढ्या नावाजलेल्या चानीची चव आपल्यालाच कळत नाही हे चारचौघांत कबूल कोण करणार? मांजर मुंगसाला म्हणत होते, छान आहे. मुंगूस म्हणत होता, हो ना.

लांडगिणीच्या गुहेत कोल्हा दाराशीच उभा राहिला. ती भिंतीला टेकून बसली होती. पट्टीचे टोक तिच्या गालात होते आणि बरगड्या मोजता येत होत्या.

"ये," ती म्हणाली. "तू म्हणालास मुरेल. पाच दिवस झाले, एकच पट्टी चघळतेय. अजून मुरायची आहे."

कोल्ह्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्याने तिच्या तोंडातून ती पट्टी हळूच काढून घेतली. "मावशी, ही साल आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी माझ्या जिभेला चवच नव्हती. मी सांगितलं नाही."

रागावण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती.

"अरे, मला विचारायचं होतंस," ती म्हणाली. "दात गेलेत माझे. जीभ आहे ना."

त्याच दुपारी कोल्हा भर पावसात सपाट दगडावर चढला आणि त्याने सगळ्यांना खरे काय ते सांगितले. चार महिने जंगलाने ओढ्यातले खेकडे आणि बेडूक खाऊन काढले, तेही अर्धपोटी. कोल्हा रोज धरलेला पहिला खेकडा चावून मऊ करी आणि लांडगिणीला नेऊन देई.

पुढच्या वर्षी घार नमुने घेऊन आली तेव्हा दगडावर लांडगीण बसली होती. कोल्हा खाली बसून चान्या बारीक तोडून तिच्या पंजावर ठेवत होता. तळातली पट्टी त्याने आधीच बाजूला काढली होती.

तात्पर्य : आपल्याला कळेनासे झाले आहे हे वेळीच सांगितले तर फार तर आपला मान जातो, लपवले तर आपल्यावर विसंबलेल्यांचे पोट मारले जाते.