नकाशातला कावळा

शके सतराशे अकरा. ज्येष्ठ सरत आलेला, मृग कोरडा गेलेला. त्या वर्षी काय झालं ते ऐका. डोळे मिटून ऐकायचं. गोष्टीला कान पुरतात.

एक होता राजा. त्याच्या पदरी निंबाजी नावाचा चितारी होता. त्यानं सगळ्या मुलखाचा नकाशा काढला, पांढऱ्या कापडावर. गावांची नावं नाहीत, नुसत्या खुणा. कोपऱ्यात एक चौकट. कोणत्या खुणेचा काय अर्थ, ते त्या चौकटीत लिहिलेलं.

राजा मोठा संशयी, बरं का. म्हणाला, "हा नकाशा शत्रूच्या हाती पडला तर?" मग त्यानं चौकट कापली आणि जाळून टाकली. "माझा मुलूख मला कळतो," म्हणाला. आता अर्थ जाणणारा एकटा निंबाजी उरला. त्याला कोठडीत घातला. तिथं तो पाण्यावाचून मेला.

निंबाजीची लेक हौसा. बापाला रंग खलून देता देता सगळ्या खुणा शिकली होती. राजानं तिला विचारलं, "तुला येतात का गं?"

"मी रंग खलते, महाराज. मला काय कळतंय?"

तेवढ्यानं ती वाचली.

दहाव्याला चुलत्यानं नदीकाठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. चुलता म्हणाला, "दर्भाचा कावळा करू आणि उरकू." हौसानं करू दिला नाही. रोज नवा पिंड ठेवायची. रोज तसाच वाळायचा.

मग विहिरी आटल्या. नदी आटली. राजानं नकाशा पसरला. एक निळं कडं दिसलं. "निळं म्हणजे पाणी," राजा म्हणाला. माणसं बैलं घेऊन गेली. पण कडं आतून रिकामं होतं, तशी तिथली विहीरही रिकामी. बैलं तिथं बसली ती उठली नाहीत. हौसाला हे ठाऊक होतं. पण तिला कोठडी दिसत होती. ती गप्प राहिली.

मग राजानं लाल ठिपका दाखवला. बायका म्हणाल्या, "हे तर कुंकू. सवाष्णींचं गाव असणार, पाणी पाजतील." घागरी, पोरं घेऊन निघाल्या. या वेळी हौसा वेशीपर्यंत धावली.

"जाऊ नका गं. तिथं मरीआईचा गाडा नेऊन सोडलाय. सगळं गाव पटकीनं गेलंय."

भागा म्हणून एक होती. ती हसली. "कुंकवाला भिणारी तूच एक बघितली. बापावर गेलीस."

गेल्या. त्यातली भागा तेवढी परत आली. कडेवर मूल नव्हतं.

मग हौसा घरी गेलीच नाही. सरळ राजापुढे जाऊन उभी राहिली.

"मला खुणा येतात."

"मग खोटं का बोललीस?"

"खुणा जाणणाऱ्याला तुम्ही कोठडीत घातलंत म्हणून."

राजानं नकाशा तिच्यापुढे पसरला. आता एकच खूण बघायची उरली होती. काळा कावळा. तिच्याकडे कुणी बोट करेना. कावळा म्हणजे मसण, असंच सगळे धरून चालले होते.

"ते जितं पाणी आहे," हौसा म्हणाली. "कावळा घरटं करतो तिथलं पाणी आटत नाही. बाबा स्वतः प्यालेत."

मग उरलेलं गाव तिच्यामागं निघालं. डोंगराच्या पोटात झरा होता. माणसं प्याली, गुरं प्याली. गाव जगलं.

राजा म्हणाला, "हौसे, तुला काय देऊ?"

"मला नको. माझ्या बापाचं देणं आहे तुमच्याकडं. त्याचा पिंड पडलाय."

मग राजा नकाशा घेऊन नदीकाठी आला. पिंडापुढे उभा राहून म्हणाला, "निंबाजी, तुझ्या लेकीला गाव इनाम देतो." काही झालं नाही. मग म्हणाला, "तुझ्या नावानं देऊळ बांधतो." काही झालं नाही. मग मान खाली घातली. "तुझ्या खुणांचा अर्थ वेशीच्या दगडावर कोरतो. येईल जाईल त्यानं वाचावा."

तेव्हा नकाशावरची काळी खूण हलली. तिथलं कापड कोरं राहिलं, आणि एक कावळा समोरच्या बाभळीवर जाऊन बसला. पण खाली येईना. राजाच्या शब्दावर त्याचा भरवसा नव्हता.

मग राजानं छिन्नी घेतली आणि वेशीच्या दगडापाशी बसला. हौसा सांगत गेली, तो कोरत गेला. रिकामं कडं, कोरडी विहीर. लाल ठिपका, पटकीचं गाव. कावळा, जितं पाणी. हाताची सालटी निघाली, पण छिन्नी त्यानं दुसऱ्याच्या हाती दिली नाही.

कोरून झालं. कावळा खाली उतरला. पिंडाला चोच लावली.

राजाचं देणं फिटलं.