उंबऱ्याच्या आतली अमावास्या

नदीकाठच्या एका गावात हातमागाचा एक जुना कारखाना होता. तिथे दाऊदभाई शेले विणायचे. दर शुक्रवारी दुपारी ते मशिदीत नमाजाला जात आणि संध्याकाळी जास्त बसून काम भरून काढत. थोरल्या शेठांनी कधी हरकत घेतली नव्हती.

थोरले शेठ वारले आणि कारभार त्यांच्या मुलाकडे, त्र्यंबकशेठकडे आला. माणूस वाईट नव्हता. फक्त आपण कधी चुकतच नाही, अशी त्याची ठाम समजूत होती. त्याने पहिल्याच शुक्रवारी दाऊदभाईंना दारात अडवले.

"धर्म उंबऱ्याबाहेर ठेवायचा. कामाच्या वेळी कुणी माग सोडायचा नाही. नियम सगळ्यांना सारखा!"

"शेठ, मी काम भरून देतो. हवं तर अमावास्येला येतो. तेव्हा कारखाना बंदच असतो."

"अमावास्येला? भलतंच काय! उद्यापासून येऊ नका."

दाऊदभाईंना दुसरे काम येत नव्हते. त्यांच्या घरची चूल त्या मागावरच पेटायची. चार दिवस त्यांनी वाट पाहिली आणि शेवटी पाटलांकडे दाद मागितली.

पाटलांनी दोघांना चावडीवर बोलावले. त्र्यंबकशेठ ताठ मानेने म्हणाला, "मी भेदभाव करत नाही. माझ्या कारखान्यात धर्माला जागाच नाही."

"छान," पाटील म्हणाले. "मग उद्या सगळे माग चालू ठेवा."

"उद्या? उद्या अमावास्या आहे!"

"मग?"

"अमावास्येला मागाला हात लावत नाहीत. आमची वाडवडिलांपासूनची रीत आहे."

"तुमची ती रीत आणि याचा तेवढा धर्म होय?" पाटील म्हणाले. "शेठ, तुमचा धर्म उंबऱ्याच्या आतच बसलाय. रोजचा म्हणून तुम्हाला दिसत नाही, इतकंच."

पाटलांनी दाऊदभाईंचा माग त्यांना परत द्यायला लावला.

दाऊदभाई कामावर आले, पण शेठ घुश्श्यातच होता. त्यांच्याशी तो एक शब्द बोलेना. शुक्रवार उजाडला. दाऊदभाई शेल्याच्या काठावर मोर विणण्यात गढून गेले होते. गादीवरून शेठ खेकसला,

"दाऊदभाई, अजान झाली! ऐकू येत नाही का? उशीर होईल."

तात्पर्य: आपल्या धर्माला रीत आणि दुसऱ्याच्या धर्माला अडचण म्हणणाऱ्याने आपला नियम सगळ्यांना सारखा आहे, असे सांगू नये.