केरबाची साखरबंदी

कोळवडे गावात केरबा नावाचा एक भोळा शिंपी राहत होता. भोळा हा शब्द त्याच्या बायकोचा. गावाचा शब्द वेगळा होता, पण गोजराबाईसमोर तो कुणी उच्चारत नसे.

केरबा पंचेचाळिशीचा. दिवसभर शिलाई मशीनवर बसायचा. बसल्या जागी पाव खायचा, खारी खायचा, वर गोड चहा प्यायचा. पोट मशीनला टेकायला लागलं, तेव्हा त्यानं मशीन पुढं सरकवलं. पुढं पायाला मुंग्या यायला लागल्या, तेव्हा त्यानं खुर्चीखाली मुंग्यांची पावडर टाकली.

गोजराला याचं हसू आलं नाही. तिच्या सासऱ्यांचा पाय या साखरेपायीच गुडघ्यातून कापला होता. तिनं नवऱ्याला तालुक्याला डॉक्टर शिरगावेबाईंकडे नेलं. रक्त तपासलं. साखर दोनशे चाळीस निघाली.

"तुमच्या खाण्यात मैदा फार आहे," बाई म्हणाल्या. "तंतुमय पदार्थ खा. पोटात तंतू गेले की साखर रक्तात सावकाश उतरते."

केरबानं मान डोलावली. मान डोलावण्यात तो हुशार होता.

घरी येऊन त्यानं आधी दोऱ्याचं रीळ हातात घेतलं. गोजरानं ते काढून घेतलं आणि सांगितलं, "अहो, दोरा नव्हे. खायच्या वस्तूत तंतू असतात, ते खायचे."

हे केरबाला पटलं. तो मिठाईवाल्याकडे गेला. तिथं सगळ्यात जास्त तंतू सुतरफेणीत दिसले. एका फेणीत किती तंतू आहेत ते मोजायला बसला, सातशेच्या पुढं चुकला आणि खाऊन टाकली. अशा रोज दोन, पंधरा दिवस. साखर तीनशे दहा झाली.

शिरगावेबाईंनी कपाळाला हात लावला. "केरबा, गोड नव्हे. कोंडा खायचा, कोंडा. तुम्ही कोंडा टाकून देता ना, तिथंच चुकतं. यापुढं कोंडा टाकायचा नाही."

दुसऱ्या दिवशी केरबा केस कापायला बंडाच्या सलूनमध्ये गेला. बंडा म्हणाला, "शिंपीदादा, डोक्यात कोंडा फार झालाय. काढू का?"

"काढ, पण टाकू नकोस," केरबा म्हणाला. "कागदात बांधून दे."

बंडा वीस वर्षं सलून चालवत होता. असलं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं. त्यानं निमूटपणे पुडी बांधून दिली आणि केरबा गेल्यावर दुकानात जमलेल्या सहाजणांना सांगितलं. त्या सहाजणांनी उरलेल्या गावाला सांगितलं.

घरी केरबानं पुडी गोजरापुढं ठेवली. "उद्याच्या भाकरीत घाल."

गोजरानं पुडी उघडली, हुंगली आणि उकिरड्यावर फेकली. मग हात दोनदा धुऊन आली. "अहो, हा डोक्याचा. डॉक्टरीणबाईंनी गव्हाचा सांगितलाय. पीठ चाळायचं नाही, फळाची साल काढायची नाही. चोथा म्हणून जो आपण टाकतो, तो पोटात जायला हवा. एवढंही कळत नाही का?"

"आता कळलं," केरबा म्हणाला. हे वाक्य ऐकलं की गोजराला धडकी भरायची.

दोन दिवसांनी तो ग्रामपंचायतीच्या सभेला गेला. तिथं चाळीस माणसांचा चहा झाला. केरबानं कपाला हात लावला नाही. तो मागच्या बाजूला गेला, पातेल्याशेजारी चहाच्या चोथ्याचा ढीग पडला होता तिथं मांडी घातली आणि चमच्यानं खायला लागला. सरपंचांनी विचारलं, "केरबा, हे काय?"

"साखर उतरवतोय," तो म्हणाला.

त्या चोथ्यात चाळीस कपांची साखर मुरलेली होती. ते राहू द्या. तीन दिवस केरबाला परसाकडं झालं नाही. पोट नगाऱ्यासारखं फुगलं. गोजरा त्याला पुन्हा घेऊन गेली.

शिरगावेबाई आता त्याच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागल्या. "चहाचा चोथा माणूस खात नाही, केरबा. डाळ खा, उसळ खा, पालेभाजी खा, वर भरपूर पाणी प्या. आणि एकदम नको. हळूहळू वाढवा. समजलं?"

"हळूहळू वाढा," केरबा म्हणाला. "समजलं."

त्याच आठवड्यात शेजारच्या गणपा गुरवाच्या नातवाचं बारसं होतं. वाढायला माणसं कमी पडली. केरबा पुढं झाला आणि डाळीची बादली घेतली. पहिल्या पानावर त्यानं एक चमचा डाळ वाढली, हात जोडून शंभरपर्यंत आकडे म्हटले आणि मगच दुसऱ्या पानाकडे वळला. पहिली पंगत कोरडा भात खाऊन उठली. दुसरी बसलीच नाही. गणपानं अजूनही त्याच्याशी बोलणं सुरू केलेलं नाही.

आता गोजराचा धीर सुटला. ती एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि रडली. "बाई, यांना काही समजावू नका. नुसता हुकूम द्या. एकच, आणि यांना कळेल असा."

बाईंनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं: या घरात साखर येऊ देऊ नका.

केरबानं कागद तीनदा वाचला. त्यात तंतू नव्हते, कोंडा नव्हता, वाढायचं काही नव्हतं. साखर आत येऊ द्यायची नाही. त्यानं तो दाराच्या चौकटीला चिकटवला. पुढचा महिना बरा गेला. गोजरा न चाळलेल्या पिठाची भाकरी, मटकीची उसळ आणि मेथी वाढायची, तो खायचा. साखर एकशे साठवर आली. गोजरा बऱ्याच दिवसांनी हसली. तेवढ्यात मंदाचं, त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, लग्न जमलं. मुलगा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर, माणसं चांगली.

ठरलेल्या दिवशी सकाळी मंदा नवं लुगडं नेसून माजघरात बसली. गोजरा मागच्या चुलीवर पुऱ्या तळत होती. तिनं केरबाला दारात उभं केलं आणि सांगितलं, "पाहुणे आले की हाक मारा."

बराच वेळ हाक आली नाही. मग जीप सुरू झाल्याचा आवाज आला. गोजरा पदराला हात पुसत बाहेर आली. अंगणात धूळ उडत होती. केरबा दारात दोन्ही हात पसरून उभा होता.

"पाहुणे कुठायत?"

"गेले."

"गेले म्हणजे?"

"मी विचारलं, काय आणलंय. मुलाचा बाप म्हणाला, साखरपुडा. गोजरे, चमचाभर नव्हे, अख्खा पुडा, वर चांदीचा कागद लावलेला. मी म्हटलं, या घरात साखर येणार नाही. तो म्हणाला, तुमचा शेवटचा शब्द का? मी म्हटलं, माझा कसला, डॉक्टरणीचा. वाचा. त्यानं वाचलं आणि लाल झाला. म्हणाला, दुसरं घर बघतो. मी म्हटलं, बघा, तिथं चालत असेल."

आत मंदाच्या हातातलं ताट पडलं. गोजराच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ती उंबऱ्यावरच मटकन बसली.

केरबानं तिच्याकडे काळजीनं पाहिलं.

"तुलाही चक्कर येतेय?" तो म्हणाला. "तरी बरं, पुडा दारातूनच परत पाठवला. नुसत्या वाऱ्यानं ही गत झाली तुझी."