झुपी खारीचा रविवारचा तुकडा

एक होती खार. एवढीश्शी! नाव तिचं झुपी.
झुपी राहायची जांभळीवर. जांभळीखाली योएलबाळाचं घर.
सोमवार ते शनिवार घरात कामच काम. पण रविवारी? सगळे चर्चला जायचे. घरी आले की जांभळीखाली चटई यायची. सगळे बसायचे. प्रार्थना व्हायची. आमेन म्हटलं, की आई गोड पाव वाटायची. त्यातला एक तुकडा झुपीचा. अगदी ठरलेला!

आज रविवार. सगळे चर्चहून आले. झुपी खुशीत अंगणभर पळू लागली. पण चटई काही येईना.
अगंबाई! माझा तुकडा?

सुर्र सुर्र! झुपी गेली आईकडे. आई पायरी पुसत होती. सप सप!
"आई, आई, थांब ना!
चटई येईना,
मला तुकडा मिळेना!"
"काम कुठंय? एवढंसंच तर आहे! बाबा पाणी उडवतात, पायरीवर चिखल होतो. बाबा थांबले की मी थांबेन."

सुर्र सुर्र! झुपी गेली बाबांकडे. बाबा स्कूटर धूत होते. फस फस!
"बाबा, बाबा, थांबा ना!
आई थांबेना,
चटई येईना,
मला तुकडा मिळेना!"
"काम कुठंय? एवढंसंच तर आहे! आजोबा धूळ उडवतात, स्कूटर मळते. आजोबा थांबले की मी थांबेन."

सुर्र सुर्र! झुपी गेली आजोबांकडे. आजोबा अंगण झाडत होते. खर्र खर्र!
"आजोबा, आजोबा, थांबा ना!
बाबा थांबेनात,
आई थांबेना,
चटई येईना,
मला तुकडा मिळेना!"
"काम कुठंय? एवढंसंच तर आहे!"
"पण तुम्हीच म्हणता ना, सातव्या दिवशी देवसुद्धा थांबला?"
"म्हणतो की! पण देवाच्या अंगणात ही बकरी नव्हती गं! ही झाडाला धडकते, पानं पडतात. बकरी थांबली की मी थांबेन."

सुर्र सुर्र! झुपी गेली शेंगी बकरीकडे. टुणुक टुणुक... धप्प!
"शेंगी, शेंगी, थांब ना!
आजोबा थांबेनात,
बाबा थांबेनात,
आई थांबेना,
चटई येईना,
मला तुकडा मिळेना!"
"बें बें! बाळ माझ्या पायात येतं. बाळ थांबलं की मी थांबेन."

सुर्र सुर्र! झुपी गेली योएलबाळाकडे. दुडु दुडु, दुडु दुडु!
"बाळा, बाळा, थांब ना!
बकरी थांबेना,
आजोबा थांबेनात,
बाबा थांबेनात,
आई थांबेना,
चटई येईना,
मला तुकडा मिळेना!"
बाळ म्हणालं, "झुपी पलते, मी धलतो! झुपी थांबली की मी थांबेन!"

झुपी दचकली. कोण? मी?
पुढे पाहिलं. मागे पाहिलं. दुसरी झुपी नव्हतीच!
नाक थरथरलं. मिशा थरथरल्या. आणि झुपी बसली. टुप्प!

झुपी बसली, बाळ बसलं. धुप्प!
बाळ बसलं, बकरी थांबली. पानं पडेनात.
आजोबांचा झाडू कोपऱ्यात! धूळ उडेना.
बाबांची बादली उपडी! चिखल होईना.
आईचं फडकं दोरीवर!
आणि चटई आली. सळ्ळकन!

सगळे बसले. आजोबा म्हणाले, "देवबापा, विसाव्याबद्दल तुझे आभार. आमेन!"
"आमेन!" सगळे म्हणाले.
"बेंमेन!" शेंगी म्हणाली.

आईनं गोड पाव मोडला. पहिला तुकडा झुपीला.
"खा बाई. पण बसून हं!"

झुपी बसली. पाव खाल्ला. कुटूकुटू, कुटूकुटू!
शेपटी मात्र हलतच होती. फुर्र फुर्र!
"शेपटी, शेपटी, थांब ना!"
"हलते कुठं? एवढंसंच तर आहे!"