अभिमान कुणाचा आणि कुणावर

नदीकाठच्या एका पाठशाळेत एकदा एक शिष्य व्युत्पत्तीत इतका पारंगत झाला, की कोणी 'नमस्कार' म्हटले तरी तो आधी धातू शोधी आणि मग हात जोडी. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. हा शहाणा मात्र मार देणाऱ्यांपैकी होता.

त्याचा जिवलग मित्र वंगदेशातून शिकायला आला होता. एका संध्याकाळी शिष्य इतरांना घेऊन गावात कीर्तनाला गेला आणि या मित्राला बोलवायचेच विसरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मित्र तोडक्यामोडक्या मराठीत म्हणाला, "माझा तुझ्यावर अभिमान झाला आहे."

शिष्य सगळ्यांदेखत हसला. "अरे, अभिमान कुणाचा तरी असतो, कुणावर नसतो. मूळ संस्कृत तरी बघ."

मित्र उठून आपल्या खोलीत गेला. त्याने आपले बोचके बांधायला घेतले. संध्याकाळच्या नावेने तो कायमचा घरी निघणार होता. शिष्याला फार वाईट वाटले, पण आपले चुकले कुठे ते काही कळेना.

पाठशाळेचे वृद्ध शास्त्रीबुवा पंगतीत भातावरचे तूप स्वतः वाढीत. पंक्तिप्रपंचाचा, म्हणजे एकाच पंगतीत एकाला सढळ आणि दुसऱ्याला हात राखून वाढण्याचा, त्यांना मनस्वी तिटकारा होता. त्या दुपारी मात्र त्यांनी सर्वांना तूप वाढले आणि शिष्याचे पान तेवढे टाळून ते पुढे गेले. शिष्य कोरडा भात नुसता चिवडीत बसला.

जेवणे आटोपल्यावर तो बुवांपुढे उभा राहिला. "गुरुजी, तुपाचं काही नाही. आचाऱ्याने वगळलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण तुम्ही..."

"आता मनात जे आलं आहे, त्याला काय म्हणशील?" बुवांनी विचारले.

"राग नव्हे. रुसवा म्हणावा, तर तो फार हलका होईल."

"तुझ्या मित्राच्या मुलखात याला अभिमान म्हणतात. माया असते तिथेच तो होतो, म्हणून तो 'कुणावर' असतो. उत्तरेत हाच शब्द गर्व सांगतो. तेलुगू माणूस 'तुमच्यावर अभिमान आहे' म्हणाला, तर त्याने जीव लावला असं समज. अरे, एका आईच्या लेकी चार घरी नांदतात. प्रत्येकीची रीत निराळी होते, म्हणून कुणी तिला चुकलेली म्हणत नाही. तू माहेरची ओळख धरून बसलास आणि तिच्या घरी कधी डोकावला नाहीस. हे पोथीतून सांगितलं असतं, तर तू नुसतं पाठ केलं असतंस. म्हणून हात आखडला. मलाही ते जड गेलं."

शिष्य तडक मित्राच्या खोलीत गेला. मित्र बोचक्याशेजारी बसून होता.

"मी तुला विसरलो, आणि वर हसलो," शिष्य म्हणाला. "पण आज तू गेलास, तर माझाही तुझ्यावर अभिमान होईल."

मित्राने बोचक्याची गाठ सोडायला घेतली.