कोंडाबाईची हिरवी टाकी

"या हिरव्या पाण्यात आजच्या आज ब्लीचिंग पावडर टाका. मी तिसऱ्यांदा सांगतोय," पाहणीला आलेले सरकारी खात्याचे साहेब म्हणाले.

"मीही तिसऱ्यांदाच ऐकतेय," कोंडाबाई टाकीच्या काठावरून हलली नाही. "पावडर पडली की शेवाळ मरेल, जंतू मरतील, आणि गावाचं गटार जसंच्या तसं खालच्या वस्तीच्या विहिरीत उतरेल. त्याच विहिरीच्या पाण्यानं माझी सून गेली, साहेब."

सून गेली त्या वर्षी, शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईनं दहा जणांना विचारून ही टाकी उभी केली होती. जंतू गटारातली घाण खात, शेवाळ त्यांना प्राणवायू पुरवी, आणि वाढलेलं शेवाळ कुजवून जो गॅस निघे त्यावर अंगणवाडीची खिचडी शिजे. साहेबांच्या खात्यानं मात्र याच गावचं बंद गटार दोनदा बांधलं होतं, दोन्ही वेळा कागदावर.

साहेबांनी शिपायाला गाडीतून उतरवलेल्या पावडरच्या पोत्यांची शिवण उसवायला सांगितलं. "शेवाळ, जंतू असलं काही आमच्या खात्यात चालत नाही. आमचं खातं म्हणजे काय, ठाऊक आहे का म्हातारे?"

शिपायाचा हात थांबला. मग कोंडाबाई शांतपणे एकच वाक्य बोलली, आणि शिपायानं पोती न उघडताच परत गाडीत चढवली.

"माझं हे शेवाळ-जंतूंचं खातं गावाची घाण खातं, साहेब; तुमचं खातं काय खातं?"