ठकीच्या पोटातलं लोह

कुसळवाडीत भोळी माणसं पुष्कळ होती, पण नाव झालं ते एकट्या हैबतीचं. कारण तो सांगितलेलं ऐकायचा.

त्याची लेक ठकी दीड वर्षाची. पोर पिवळी पडली. खेळायची नाही, दिवसभर कुडाला टेकून बसायची. हैबतीला घास उतरेना. शेवटी पोरीला खांद्यावर घेऊन तो अंगणवाडीत गेला. तिथल्या मालनबाईंनी ठकीची पापणी खाली ओढून बघितली.

"हैबती, हिच्या अंगात लोह कमी आहे. लोह पोटात गेलं पाहिजे."

हैबती तडक लोहाराकडे गेला.

"पोरीच्या पोटात घालायला लोखंड पाहिजे."

"पोर केवढी?"

"दीड वर्षाची."

लोहाराने थोडा विचार केला आणि शिंगराची नाल दिली.

हैबतीने ती वरणात उकळली आणि ठकीला वाढली. ठकीने नाल चाटली आणि भोकाड पसरलं. बायको गजरा शेतातून आली, तिने ताटली बघितली आणि नवऱ्याला नालेसकट बाईंपुढे उभं केलं.

"अरे देवा," बाई म्हणाल्या, "लोह म्हणजे नाचणी, पालेभाजी! भाजी आणायची, तीन पाण्यांनी धुवायची, मग पोरीला द्यायची."

"तीन पाण्यांनी धुवायचं. आधी सांगायचं ना, बाई."

पुढच्या आठवड्यात बाईंनी मिठाची पुडी दिली. "यात आयोडीन आहे. स्वयंपाकाला हेच वापर."

हैबतीने मीठ चाळणीत घेतलं. पहिल्या पाण्याला निम्मं राहिलं. दुसऱ्याला चिमूटभर. तिसऱ्याला चाळणी तेवढी लख्ख निघाली.

"मीठ कुणी धुतं का रे?" बाई म्हणाल्या. "कोरड्या बरणीत भरायचं. वर घट्ट झाकण लावायचं."

"घट्ट झाकण. आधी सांगायचं ना, बाई."

मग बाईंनी महिला मंडळाकडून त्याला एक कोंबडी मिळवून दिली. "ठकीला रोज अंडं दे. त्यात जस्त असतं. कोंबडी नीट ठेव."

हैबतीने लोणच्याची बरणी रिकामी केली, पुसून कोरडी केली. कोंबडी मावली, पण मान मावेना. झाकण काही लागेना. म्हणून तो बरणी कडेवर घेऊन बाईंकडेच आला. कोंबडी वाटेत सगळ्या गावाकडे बघत होती.

"अरे, जीव आहे तो! सकाळी मोकळं सोडायचं, दाणे टाकायचे. दिवस कलला की आपोआप घरी येतात."

"मोकळं सोडायचं. आधी सांगायचं ना, बाई."

इकडे गजरा कुणाला न सांगता ठकीला नाचणीची पेज आणि मेथीची भाजी भरवत होती, वर लिंबू पिळत होती. काही महिन्यांत पोर अंगणात धावायला लागली. गावाने शाबासकी हैबतीला दिली. अंगणवाडीत जाणारा बाप तोच एकटा होता.

बाईंनाही वाटलं, हैबती आता सुधारला. एके सकाळी त्यांना तालुक्याला बैठकीचं बोलावणं आलं. मदतनीस आजारी. त्यांनी हैबतीला बोलावलं.

"तुझी ठकी धरून सतरा मुलं आहेत. दुपारपर्यंत नीट ठेव."

बाई गेल्या. हैबतीने दार सताड उघडलं. सतराही मुलं मोकळी सोडली. दारात चुरमुरे टाकले आणि उंबऱ्यावर निवांत बसला.

दुपारी बाई आल्या. खोली रिकामी.

"हैबती, मुलं कुठायत?"

"सोडली."

"कुठं?"

"चरायला."

बाई ओरडतच बाहेर धावल्या. गावात हाकाटी झाली. आया विहिरींकडे धावल्या, ओढ्याकडे धावल्या. गजरा ठकीच्या नावाने ओरडत अनवाणी पळत सुटली. हैबती मात्र जागचा हलला नाही. दिवस कलला तसा तो उठला, सुपातले चुरमुरे उधळले आणि हाळी दिली, "आ, आ, आ!"

आणि मुलं आली. कुणी पेरूच्या बागेतून, कुणी गुऱ्हाळावरून. ठकी तर दोन्ही मुठींत गूळ घेऊन आली. आया रडत होत्या आणि धपाटेही घालत होत्या. बाई दारात बसून एकेक मोजत होत्या. पंधरा. सोळा. सतरा.

मागून अठरावं आलं.

दोन वर्षांचं, काडीसारखं, अंगभर विटांची लाल धूळ. गावाबाहेरच्या भट्टीवरचं पोर. कुठल्या वहीत त्याचं नाव नव्हतं, कुणी त्याचं वजन केलं नव्हतं. चुरमुरे वेचत वेचत ते आत आलं आणि सरळ बाईंच्या मांडीवर बसलं.

हैबतीने दोनदा मोजलं. सतरा सोडली, अठरा आली. त्याचा चेहरा फुलला.

"बाई," तो म्हणाला, "दाणे लागू पडले. एकीनं पिल्लू काढलं!"